आपत्कालीन आज्ञेचें आयुष्य

सातारा-सांगलीकडील एखाद्या जुन्या वाड्यांतील दप्तराचा रुमाल सोडला, म्हणजे त्यांतून एखादी तरी सनद बहुधा निघतेच. मोडी अक्षर फिकें पडलेलें, कागद घड्यांवर विरलेला, शिक्का मात्र अजून ठसठशीत. अमक्यानें अमक्या प्रसंगीं निष्ठेनें सेवा केली, सबब अमुक वतन त्यास व त्याच्या पुत्रपौत्रांस वंशपरंपरेनें करार करून दिलें, हा तिचा आशय. ज्या प्रसंगामुळें ती जन्मास आली तो प्रसंग एका वाक्यांत आटोपलेला असतो. तिच्या आयुष्यास मात्र मर्यादा नसते. आतां याच्या शेजारीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें १६८९ सालीं केलेला लष्करी बंडाविषयींचा कायदा ठेवून पाहावा. फ्रान्सशीं युद्ध दाराशीं आलेलें, इप्स्विच येथें एका पलटणीनें उघड बंड केलेलें, सिंहासनावर नवा राजा. अशा वेळीं बंडखोर सैनिकास लष्करी न्यायालयापुढें उभें करून देहान्त शिक्षाहि देण्याचा अधिकार पार्लमेंटानें दिला, पण तो त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंतच. एका कागदास वंशपरंपरेचें आयुष्य, दुसर्‍यास कांहीं महिन्यांचें. आणि दोहोंचाहि जन्म संकटांतलाच.

या दोन कागदांमधील अंतर केवळ कायदेपंडितांच्या कुतूहलाचा विषय आहे असें मला वाटत नाहीं. संकटकाळीं निघालेल्या आज्ञेनें संकट सरल्यावर किती दिवस जगावें, हा नीतीचा प्रश्न आहे. आज्ञा देणारा, तिच्यामुळें लाभ पावणारा, आणि जो त्या वेळीं जन्मासहि आलेला नसतो पण जिचा भार पुढें ज्याच्या माथीं येतो असा तिसरा, या तिघांच्या हिताहिताचा तो प्रश्न आहे.

आपल्या परंपरेनें तो ओळखला नव्हता असें नाहीं. महाभारताच्या शांतिपर्वांत राजधर्माच्या पाठोपाठ आपद्धर्माचें निराळें उपपर्व आहे. त्यांतील विश्वामित्राची कथा अनेकांच्या परिचयाची असेल. बारा वर्षांचें अवर्षण पडलें असतां क्षुधेनें व्याकुळ झालेला तो ऋषि चांडाळाच्या घरीं कुत्र्याची तंगडी चोरावयास शिरतो. घरधनीच त्यास धर्माची आठवण देतो, तेव्हां आधीं जीव जगला पाहिजे, मग धर्म आचरतां येईल, असें तो उत्तर करितो. संकटांत निषिद्धहि क्षम्य होतें, एवढाच बोध लोकांनीं या कथेंतून घेतला. माझें लक्ष तिच्या पुढच्या भागाकडे जातें. पाऊस पडला, धान्य पिकलें. त्यानंतर विश्वामित्रानें त्या मांसावर आपला व आपल्या वंशजांचा हक्क सांगितला नाहीं. आपद्धर्मास 'धर्म' हें नांव शोभतें तें त्यास शेवट आहे म्हणून. शेवट काढून घेतला, तर मागें उरते ती प्रथम सोय आणि पुढें लोभ.

१६८९ च्या फेब्रुवारी महिन्यांत दोन देशांत नवे राजे अधिकारावर आले. लंडनमध्यें विल्यम व मेरी यांनीं राजमुकुट स्वीकारला. रायगडावर राजाराम महाराजांचें मंचकारोहण झालें. संभाजी महाराज त्या वेळीं मोगलांच्या कैदेंत होते. मार्चमध्यें त्यांचा वध झाला. नोव्हेंबरांत रायगड पडला, येसूबाई व बाल शाहू औरंगजेबाच्या हातीं लागले, आणि राजाराम महाराज दूर दक्षिणेंत जिंजीस पोंचले. विल्यमचें फ्रान्सशीं युद्ध १६९७ पर्यंत चाललें. जिंजी १६९८ च्या आरंभीं पडली. त्या आठ-नऊ वर्षांत दोन्ही राज्यांचा सारा कारभार युद्धासाठींच चालला होता. दोन्हीकडे आज्ञा कशा निघाल्या हें ताडून पाहण्यास याहून चांगला प्रसंग इतिहासानें क्वचितच दिला असेल.

इंग्लंडांत आज्ञेचे दोन मार्ग होते: राजाचा जाहीरनामा आणि पार्लमेंटाचा कायदा. युद्ध पुकारणें, उपवासाचा व प्रार्थनेचा दिवस नेमणें, खलाशांस आरमारांत येण्याचें आवाहन करणें, हीं कामें जाहीरनाम्यानें होत. पण जाहीरनाम्यानें नवा गुन्हा निर्माण करतां येत नाहीं, हें न्यायमूर्ति कोक यानें १६१० सालींच सांगून ठेविलें होतें. आणि १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानें तर पार्लमेंटाच्या संमतीवांचून कायदा तहकूब करणें, कर बसविणें व शांततेच्या काळांत खडें सैन्य बाळगणें हीं तिन्ही बेकायदेशीर ठरविलीं. म्हणून संशयितांस चौकशीवांचून अटकेंत ठेवण्याची गरज भासली, तेव्हां विल्यमला पार्लमेंटाकडे जावें लागलें. मिळालेला अधिकार ठराविक तारखेपर्यंतच होता, आणि तो संपला कीं पुन्हा मागावा लागे. हें पार्लमेंट साधुवृत्तीच्या लोकांचें होतें असें मुळींच नव्हे. जमीनदार व धनिक यांचाच त्यांत भरणा होता. शेतांत राबणार्‍याचें मत तेथें कोणी विचारीत नसे. पण राजास पैसा हवा होता आणि थैलीचें तोंड त्यांच्या हातीं होतें. १६९४ सालीं इंग्लंडची बँक स्थापन झाली ती सरकारास बारा लक्ष पौंड कर्ज देण्यासाठींच. आणि त्याच वर्षीं, तीन वर्षांहून अधिक काळ एकच पार्लमेंट ठेवतां येऊं नये असा कायदा विल्यमला मान्य करावा लागला. तसलेंच एक विधेयक त्यानें आदल्या वर्षीं फेटाळून लाविलें होतें. राजाच्या निकडीच्या प्रत्येक मागणीस पार्लमेंटानें एकेक मुदत बांधून दिली.

इकडे राजाराम महाराजांपाशीं काय होतें? राजधानी गेलेली, खजिना गेलेला, आणि ते स्वतः वेढ्यांत. महाराष्ट्राचा कारभार त्यांनीं रामचंद्रपंत अमात्यांस 'हुकुमतपन्हा' हा किताब देऊन सोंपविला. प्रत्येक गोष्ट जिंजीस विचारून करण्यास सवड नव्हती, म्हणून निर्णयाचा अधिकार पंतांच्या हातीं आला. शंकराजी नारायण व परशुराम त्रिंबक हे त्यांचे सोबती. सैन्यास व अंमलदारांस रोख वेतन द्यावें आणि वतनदारांचें बळ आंखडतें ठेवावें, हें शिवाजी महाराजांचें धोरण होतें. पण त्यास रोकड लागते, आणि ती नव्हती. उलट औरंगजेब मनसबी व जहागिरी मुक्त हस्तानें वांटीत होता. माण-जतच्या मुलुखांतील घराणीं दोन्हीकडचीं बोलावणीं तोलून पाहात होतीं. म्हसवडचे नागोजी माने कधीं मराठ्यांकडे तर कधीं मोगलांकडे दिसतात. जतच्या डफळ्यांनीं आदिलशाही बुडाल्यावर मोगलांचा आश्रय धरिला. अशा वेळीं देण्यासारखें एकच नाणें रामचंद्रपंतांपाशीं उरलें होतें, आणि तें म्हणजे कागद. जो मुलूख शत्रूच्या हातीं आहे तो सोडवून घे, म्हणजे त्यांतला वांटा तुझा! १६९१ सालीं राजाराम महाराजांनीं हणमंतराव घोरपडे यांस दिलेल्या पत्रांत रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटीं दिल्ली हस्तगत झाल्यावर टप्प्याटप्प्यानें काय द्यावयाचें, याचा करार आहे. जिंजीच्या वेढ्यांत बसलेला राजा दिल्लीच्या विजयावर हुंडी लिहितो, याचें आज कोणास हसूं येईल. पण त्या काळीं अशा हुंड्यांनीं माणसें उभीं केलीं. संताजी-धनाजींच्या फौजा ज्या त्वेषानें लढल्या, त्यांत स्वराज्याची निष्ठा होती तशी या कागदांची आशाहि होती. १७०० च्या मार्चमध्यें राजाराम महाराज सिंहगडावर वारले, एप्रिलांत सातार्‍याचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन झाला. तरी लढाई थांबली नाहीं, आणि १७०७ सालीं औरंगजेब दक्षिणेंतच मरण पावला. तेव्हां त्या सनदा देण्यांत चूक झाली, असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्या नसत्या तर ज्या राज्यानें त्या पुढें पाळल्या तें राज्यच उरलें नसतें.

तरीहि त्या सनदांचा पहिला मोठा टीकाकार कोण, हें पाहिलें म्हणजे मन थबकतें. तो म्हणजे स्वतः रामचंद्रपंत. १७१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठीं त्यांनीं रचिलेल्या आज्ञापत्रांत वतनदारांविषयीं एक प्रकरण आहे. हे लोक म्हणावयास वतनदार, पण वस्तुतः लहान लहान राजेच होत. आहे त्यांत त्यांचें समाधान नसतें, परचक्र आलें कीं वतनाच्या लोभानें ते आधीं शत्रूस जाऊन मिळतात. त्यांस दुखवूं नये आणि मोकळेंहि सोडूं नये, असा त्याचा इत्यर्थ. सेवेबद्दल भूमि इनाम देत गेल्यानें राज्यच हळूहळू झिजतें, असाहि इशारा त्यांत आहे. म्हणजे ज्या हातानें सनदांवर मोर्तब झालें त्याच हातानें पंचवीस वर्षांनीं त्यांचे दोष लिहून ठेविले. आणि दैवाची थट्टा अशी कीं, त्या हाताच्याच वंशाकडे बावड्याची जहागीर कोल्हापूरच्या छत्राखालीं विसाव्या शतकापर्यंत चालत राहिली. यास कोणी दांभिकपणा म्हणेल. मला त्यांत एका अनुभवी कारभार्‍याचें दुःख दिसतें. आपण काय केलें, कां केलें आणि त्याचें फळ काय आलें, हीं तिन्ही त्यास ठाऊक होतीं. दिलेलें परत कसें घ्यावें, हें मात्र ठाऊक नव्हतें.

आणि तें ठाऊक असणें सोपें नव्हतेंच. ज्याचा बाप राजाच्या शब्दावर विसंबून खिंडींत पडला, त्या मुलास, "आतां संकट टळलें, तो कागद परत दे," असें कोणत्या तोंडानें सांगावें? राजाचा शब्द हें राज्याचें शेवटचें भांडवल असतें. तो एकदां फिरला, तर पुढच्या संकटांत त्या शब्दावर कोण उभा राहील? हा आक्षेप मला मान्य आहे. वचन मोडणें हें पाप; पण म्हणूनच वचन देण्याच्या क्षणावर त्याचा सारा भार पडतो. शिवाय या व्यवहारांत एक मनुष्य नेहमींच विसरला जातो. सनद देणारा राजा आणि घेणारा सरदार या दोघांत करार झाला; पण ज्यानें त्याची फेड करावयाची त्या कुणब्याची निशाणी त्यावर कोठेंहि नव्हती. नांगर धरणार्‍याच्या पणतवानें कोणत्या लढाईचें देणें फेडावें, याचा विचार त्या घाईंत कोणीं केला नाहीं.

तें देणें किती काळ चाललें, हें पाहावें. १८५२ च्या इनाम कमिशनपुढें लोकांनीं असे कागद पेटार्‍यांतून काढून दाखविले. परक्या सरकारनें ते तपासले ते आपल्या महसुलासाठीं, रयतेसाठीं नव्हे. परगणा व कुळकर्णी वतनें नाहींशीं करण्याचा मुंबई इलाख्याचा कायदा झाला १९५० सालीं. सांगलीचीच गोष्ट घ्या. पटवर्धनांचें सरंजाम माधवराव पेशव्यांच्या काळीं बांधलें गेलें तें हैदरासारख्या शत्रूंपुढें दक्षिणेकडील सरहद्दीवर फौज उभी राहावी म्हणून. पुढें घरांत वांटण्या झाल्या, १८०१ सालीं चिंतामणराव मिरजेहून निराळे होऊन सांगलीस आले. ज्या पेशव्यांसाठीं ती फौज ठेवावयाची ते १८१८ सालीं राहिले नाहींत. सरंजाम मात्र संस्थान होऊन १९४८ च्या मार्चपर्यंत नांदलें. त्या संस्थानिकांनीं आपल्या प्रजेचें कांहीं भलें केलें नाहीं असें माझें म्हणणें नाहीं; पण जें कारण दाखवून अधिकार दिला तें कारण जाऊन सव्वाशें वर्षें झालीं तरी अधिकार राहिला, एवढें खरें.

मग इंग्रज तेवढे शहाणे आणि आम्ही मूर्ख, असा निष्कर्ष काढावा काय? तो सोपा आहे आणि खोटा आहे. विल्यमनें ज्यांच्यापाशीं मदत मागितली ते सर्व एका सभागृहांत बसलेले होते, आणि त्यांनीं सौदा एकत्र केला. एकत्र केलेला सौदा सर्वांस लागूं पडेल अशाच शब्दांत करावा लागतो, आणि राजाच्या हातीं गेलेलें शस्त्र उद्यां आपल्यावरहि उलटेल ही भीति प्रत्येकास असते. म्हणून त्यास तारीख घातली जाते. रामचंद्रपंतांस ज्यांच्यापाशीं मदत मागावी लागली ते डोंगराडोंगरांत विखुरलेले होते. प्रत्येकाशीं निराळा जासूद, निराळें बोलणें, निराळा कागद. एकेकट्यानें सौदा करणारा मनुष्य सर्वांचें हित मागत नाहीं. तो स्वतःपुरतें मागतो, आणि उद्यांचा भरंवसा नसल्यामुळें कायमचें मागतो. एकत्र मागणारे मुदत मागतात, सुटे सुटे मागणारे वतन मागतात. दोष रक्ताचा नव्हता. एकत्र बसण्यास जागाच नव्हती.

हें खरें कीं खोटें, याची परीक्षा इतिहासानें सातारा जिल्ह्यांतच घेतली. हिंदुस्थान सरकारच्या १९३५ च्या कायद्यान्वयें गव्हर्नर-जनरलच्या वटहुकुमास सहा महिन्यांची मुदत होती. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्स पडतांच लंडनच्या पार्लमेंटानें ती मुदत युद्धकाळापुरती काढून टाकिली. मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणांत फेडरल न्यायालयानें १९४३ च्या एप्रिलांत निकाल दिला कीं, चौकशीवांचून स्थानबद्ध करण्याचा तो नियम मूळ कायद्यांत बसतच नाहीं. थोड्याच दिवसांत एका वटहुकुमानें मूळ कायदाच मागील तारखेपासून बदलून घेतला. ज्या पार्लमेंटानें १६८९ सालीं स्वतःच्या राजास नोव्हेंबरपर्यंतची हद्द घालून दिली, त्याचेच वारस येथें हद्दीवांचूनचा अधिकार एका मनुष्याच्या हातीं देते झाले. कारण येथील कुणब्यास त्यांच्याशीं सौदा करण्याची जागा नव्हती. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं वडूजच्या कचेरीवर मोर्चा नेणार्‍यांस गोळीनें उत्तर मिळालें.

त्यांतूनच प्रतिसरकार उभें राहिलें. नाना पाटील, किसन वीर, जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी यांच्या नेतृत्वाखालीं १९४३ पासून वाळवें, तासगांव, कर्‍हाड या भागांत त्याच्या आज्ञा चालूं लागल्या. त्या कोणत्याहि कायद्याच्या नव्हत्या, बहुधा कागदावरहि नव्हत्या. गांवगुंडांचा बंदोबस्त झाला, न्यायमंडळांनीं तंटे तोडले, थोडक्या खर्चांत लग्नें लागलीं. आणि तळपायांवर काठ्यांचा मार देण्याची 'पत्री'हि झाली. या चळवळीविषयीं माझ्या मनांत आदर आहे. म्हणूनच विचारावेंसें वाटतें कीं, ज्यास चुकीनें पत्री लागली त्यानें दाद कोणापाशीं मागावी? परक्याच्या वटहुकुमास जो प्रश्न विचारला तोच आपल्या माणसांच्या आज्ञेस न विचारणें, हा न्याय नव्हे. पण त्या चळवळीच्या बाजूनें एक गोष्ट निःसंशय आहे. १९४६ सालीं मुंबईस लोकनियुक्त मंत्रिमंडळ आलें, आणि प्रतिसरकार आटोपलें. त्या अधिकाराचें कोणीं वतन केलें नाहीं. नाना पाटील १९५७ सालीं लोकसभेंत गेले ते निवडणूक जिंकून.

स्वतंत्र भारतासहि हा धडा फुकट मिळाला नाहीं. १९७५ ते १९७७ ची आणीबाणी भोगल्यावर, १९७८ च्या घटनादुरुस्तीनें, आणीबाणी चालूं ठेवावयाची तर दर सहा महिन्यांनीं संसदेची संमति घेतली पाहिजे, असें ठरलें. विल्यमच्या पार्लमेंटाची तारीख घालण्याची ती जुनीच युक्ति होय.

पण तारीख न घालतां जें दिलें गेलें, त्याचें काय? रामचंद्रपंतांस न सुटलेलें कोडें तसेंच राहतें. राजानें परत घ्यावें तर वचनभंग, न घ्यावें तर रयतेवर अन्याय. त्याचें एक उत्तर याच मुलुखांत सांपडतें. जिंजीस असतां राजाराम महाराजांनीं 'प्रतिनिधि' हें पद नव्यानें निर्माण केलें. प्रथम तें प्रल्हाद निराजींस मिळालें, पुढें किन्हईच्या परशुराम त्रिंबकांकडे आलें आणि त्यांच्या घराण्यांत वंशपरंपरेचें झालें. युद्धाच्या निकडींत जन्मलेलें तें पद औंध संस्थानच्या रूपानें अडीचशें वर्षें जगलें. आटपाडी व कुंडल हीं आजच्या सांगली जिल्ह्यांतील गांवें त्याच संस्थानांतलीं. त्याचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं जाहीरनामा काढून आपला अधिकार प्रजेस देण्याचा संकल्प सांगितला, आणि १९३९ च्या जानेवारींत त्याचा कायदा केला. खेड्याची पंचायत हा पाया, तिच्यावर तालुक्याची समिति, तिच्यावर विधिमंडळ, अशी ती घटना होती. १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत ती चालली. ज्या कुंडलास पुढें प्रतिसरकारचें ठाणें झालें, तें या घटनेखालीलच गांव होय.

देणार्‍यास परत घेतां येत नाहीं. घेणार्‍यास मात्र परत देतां येतें, आणि त्यानें कोणाचेंहि वचन मोडत नाहीं. पूर्वजांच्या पराक्रमाचा मान ज्यास मिरवावयाचा आहे, त्यानें त्यांच्या प्रसंगाचाहि शेवट ओळखावा, एवढेंच नीति त्याच्यापाशीं मागते. वाड्यांतल्या रुमालांत सनदा पुष्कळ सांपडतात. तिच्याच घडींत ठेविलेला, तिचें काम संपलें असें वंशजाच्या हातानें लिहिलेला कागद मात्र क्वचितच सांपडतो. औंधचा कागद तसा आहे, आणि तो सनदेइतकाच जपून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे.